शीटमध्ये तारखांची मालिका: ओढून भरण्यापासून सूत्रापर्यंत

हजेरीपट असो, हप्त्यांचं वेळापत्रक असो की शिफ्टचा तक्ता, पहिला रकाना बहुतेक वेळा तारखांचा असतो, आणि कंटाळवाण्या कामाची सुरुवातही तिथूनच होते. दोन-चार तारखा हाताने टाइप करायला काही वाटत नाही. वर्षाच्या ३६५ टाइप करायला बसलं की कुठेतरी एक तारीख दोनदा पडते, किंवा ३१ जूनसारखी जगात नसलेली तारीख उमटते.

तारखा आपोआप भरायच्या अनेक वाटा आहेत. कोणती घ्यायची हे एका प्रश्नावर ठरतं: दोन तारखांमधलं अंतर दिवसांत मोजायचं आहे की महिन्यांत? हा प्रश्न न विचारता ओढायला सुरुवात केली की पहिल्या दहा-बारा ओळी बरोबर दिसतात आणि घोळ खाली कुठेतरी लपून बसतो.

पुढचं सगळं एक्सेल डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. गूगल शीट्स आणि लिब्रेऑफिस कॅल्क जिथे वेगळे वागतात तिथे तसं सांगेन. सूत्रं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. शीटमध्ये ती रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायची: ‘ए२’ म्हणजे पहिल्या रकान्यातली दुसरी ओळ. काही कॉम्प्युटरवर प्रादेशिक सेटिंगमुळे सूत्रात स्वल्पविरामाऐवजी अर्धविराम द्यावा लागतो. सूत्र लगेच नाकारलं गेलं तर आधी ते तपासा.

तारीख म्हणजे मुळात एक आकडा

शीटला ‘१ जानेवारी २०२६’ असं काही कळत नाही. तिच्या लेखी तो ४६०२३ हा आकडा असतो. एक्सेल १ जानेवारी १९०० ला १ धरून दिवस मोजत येतं. आपल्याला दिसतो तो या आकड्यावर चढवलेला तारखेचा पोशाख. म्हणूनच तारखेत १ मिळवला की दुसरा दिवस येतो आणि ७ मिळवले की पुढच्या आठवड्यातला तोच वार. सूत्र लिहिल्यावर तारखेऐवजी ४६०५३ असं काही दिसलं तर घाबरू नका. उत्तर बरोबर आहे, फक्त सेलचं फॉरमॅट बदलून ‘डेट’ करायचं राहिलं आहे.

या मोजणीत एक जुनी गंमत आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, तरी एक्सेल २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस होऊन गेला असं मानतं. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅममध्ये ती चूक होती आणि त्याच्या फायलींशी जुळावं म्हणून एक्सेलनेही ती तशीच ठेवली. आपल्या रोजच्या कामाला त्याचा उपद्रव नाही. उपद्रव होतो तो १९०४ पासून मोजणाऱ्या पद्धतीचा. मॅकवरच्या जुन्या फायलींमध्ये ती सापडते. अशा फाइलमधून तारखा कॉपी करून आणल्या आणि सगळ्या चार वर्षं आणि एका दिवसाने, म्हणजे १४६२ दिवसांनी, सरकल्या तर कारण हेच असतं.

भरण्याआधी पहिली तारीख तपासा

पहिली तारीख शीटला तारीख म्हणून कळली नसेल तर पुढचं सगळं वाया जातं. ओळखायची खूण सोपी आहे. सेलला कुठलंही अलाइनमेंट दिलेलं नसताना खरी तारीख उजव्या कडेला चिकटते आणि मजकूर डाव्या. ०५.०१.२०२६ असं टिंब देऊन लिहिलेली तारीख अनेक सेटिंगमध्ये मजकूरच ठरते. ती खाली ओढलीत तर ०५.०१.२०२७, ०५.०१.२०२८ अशी शेवटच्या आकड्याची वाढ दिसते, कारण एक्सेलला त्यात फक्त शेवटी आकडा असलेला मजकूर दिसतो.

याहून वाईट प्रकार म्हणजे दिवस आणि महिन्याची अदलाबदल. कॉम्प्युटर अमेरिकी पद्धतीवर असेल तर ५/४/२०२६ ही तारीख तो ४ मे समजतो आणि कुठलीही तक्रार करत नाही. १३/४/२०२६ मात्र त्याला कळत नाही, कारण तेरावा महिना नसतो, म्हणून ती मजकूर राहते. परिणामी एकाच रकान्यात निम्म्या तारखा चुकीच्या आणि निम्म्या मजकूर! तारखांचा रकाना अर्धा डावीकडे आणि अर्धा उजवीकडे दिसला की हाच आजार समजा. पहिली तारीख २०२६-०४-०५ अशी, म्हणजे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस या क्रमाने टाइप करायची मी सवय लावून घेतली आहे. या क्रमात गैरसमजाला जागा उरत नाही.

आधीच मजकूर झालेल्या तारखा सुधारायच्या असतील तर एक्सेलमध्ये रकाना निवडून ‘डेटा’ मेनूतल्या ‘टेक्स्ट टू कॉलम्स’मध्ये जा, दोनदा ‘नेक्स्ट’ करा आणि तिसऱ्या पायरीला ‘डेट’ निवडून तुमच्या तारखांचा क्रम सांगा. गूगल शीट्समध्ये ‘फाइल’ मेनूतल्या ‘सेटिंग्ज’मध्ये लोकेल, म्हणजे देश-प्रदेशाची सेटिंग, बदलता येतं. पण हे तारखा टाइप करण्याआधी करायचं काम आहे.

ओढून भरणं

ए२ मध्ये तारीख लिहा. सेल निवडला की त्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात बारीक चौकोन दिसतो. त्यावर माउस नेला की बारीक अधिकचं चिन्ह येतं. डावं बटण दाबून धरा आणि खाली ओढा. एकेक दिवस वाढत तारखा भरत जातात. उजवीकडे ओढलंत तर आडव्या ओळीत भरतात, वर ओढलंत तर मागच्या तारखा येतात. तीच तारीख सगळीकडे हवी असेल तर एक्सेल आणि कॅल्कमध्ये कंट्रोल दाबून ओढा.

शेजारच्या रकान्यात आधीच माहिती असेल, समजा बी रकान्यात पाचशे नावं आहेत, तर ओढायचीही गरज नाही. एक्सेलमध्ये त्या बारीक चौकोनावर दोनदा क्लिक करा, तारखा पाचशेव्या नावापर्यंत जाऊन थांबतात. शेजारच्या रकान्यात मध्ये रिकामे सेल असतील तर मात्र शेवटपर्यंत पोचल्या का ते एकदा खाली जाऊन पाहा.

एका दिवसाऐवजी वेगळं अंतर हवं असेल तर दोन तारखा लिहून नमुना दाखवायचा. ए२ मध्ये ५ जानेवारी, ए३ मध्ये १२ जानेवारी, मग दोन्ही सेल एकत्र निवडून ओढा. दर आठवड्याची तारीख मिळते. १ जानेवारी आणि १ फेब्रुवारी असा नमुना दिला तर अंतर ३१ दिवसांचं नसून एका महिन्याचं आहे, हे एक्सेल ओळखतं.

पण नमुन्यावर फार भिस्त ठेवू नका. दर महिन्याच्या १ आणि १५ तारखा हव्यात म्हणून १ जानेवारी आणि १५ जानेवारी निवडून ओढलंत की तिसरी तारीख २९ जानेवारी येते. शीटने तुमच्या नमुन्यातून चौदा दिवसांचं अंतर उचललं, आणि तिच्या बाजूने ते बरोबरच आहे. यावर एक सुटसुटीत उपाय आहे. ए२ आणि ए३ मध्ये या दोन तारखा लिहा आणि ए४ मध्ये हे सूत्र द्या:

=ईडेट(ए२,१)

म्हणजे दोन ओळी वरची तारीख, एक महिना पुढे. आता फक्त ए४ खाली ओढा. प्रत्येक सेल आपल्या वरच्या दुसऱ्या सेलकडे पाहतो आणि १, १५, १, १५ असा क्रम चालू राहतो.

एक्सेलमध्ये ओढून झाल्यावर शेवटच्या सेलपाशी छोटं चिन्ह येतं. त्यावर क्लिक केलं की दिवस, कामाचे वार, महिने, वर्षं असे पर्याय मिळतात. माझा हात मात्र उजव्या बटणावर बसला आहे: उजवं बटण दाबून ओढायचं आणि सोडलं की हेच पर्याय समोर येतात. यातला ‘फिल वीकडेज’ फक्त शनिवार-रविवार गाळतो. सणाच्या सुट्ट्या त्याला ठाऊक नसतात, आणि फक्त रविवारीच सुट्टी असणाऱ्यांना तो उपयोगाचा नाही.

लांबलचक यादीसाठी सिरीजची खिडकी

पाच वर्षांच्या तारखा ओढत बसलं तर माउसवरचं बोट दुखून येतं. पहिल्या सेलमध्ये तारीख लिहा, तो सेल निवडलेला ठेवा, ‘होम’ टॅबमध्ये उजवीकडे असलेल्या ‘फिल’वर क्लिक करून ‘सिरीज’ उघडा. तिथे:

१. ‘सिरीज इन’पाशी ‘कॉलम्स’ निवडा. तारखा आडव्या हव्या असतील तर ‘रोज’, म्हणजे ओळी.
२. ‘टाइप’मध्ये ‘डेट’ निवडा.
३. ‘डेट युनिट’मध्ये दिवस, कामाचा वार, महिना किंवा वर्ष ठरवा.
४. ‘स्टेप व्हॅल्यू’मध्ये अंतर द्या. तिमाही तारखांसाठी युनिट महिना आणि स्टेप ३.
५. ‘स्टॉप व्हॅल्यू’मध्ये शेवटची तारीख लिहून ‘ओके’ करा.

पाचवी पायरी विसरू नका. एकच सेल निवडलेला असेल तर कुठे थांबायचं हे शीटला तिथूनच कळतं. कॅल्कमध्ये हीच सोय ‘शीट’ मेनूतल्या ‘फिल सेल्स’मध्ये ‘फिल सिरीज’ नावाने आहे. गूगल शीट्समध्ये अशी खिडकी नाही, तिथे सरळ सूत्राकडे वळावं.

सूत्र का लिहायचं

ओढून भरलेल्या तारखा मेलेल्या असतात. पहिली तारीख बदलली तरी बाकीच्या जागच्या हलत नाहीत. तक्ता दर महिन्याला किंवा दर वर्षी पुन्हा वापरायचा असेल तर सूत्र लिहा. मग वरची एक तारीख बदलली की सगळा रकाना बदलतो.

रोजच्या तारखांसाठी ए३ मध्ये =ए२+१ लिहून खाली ओढा. दर आठवड्याला +७. दिवसांत मोजायचं अंतर असलं की एवढंच पुरतं, वर्षानुवर्षं चुकत नाही.

एकच तारीख सलग तीन ओळींत हवी असेल, म्हणजे सकाळ, दुपार, रात्र अशा तीन शिफ्ट असतील, तर पहिली तारीख डी१ मध्ये ठेवा आणि ए२ पासून हे सूत्र खाली ओढा:

=$डी$१+इंट((रो()-२)/३)

रो() ओळीचा क्रमांक देतं आणि इंट भागाकारातला अपूर्णांक गाळतं. डॉलरचं चिन्ह डी१ ला खिळा ठोकतं, म्हणजे ओढताना तो पत्ता सरकत नाही. शिफ्ट दोनच असतील तर शेवटी ३ च्या जागी २. यादी दुसऱ्याऐवजी पाचव्या ओळीपासून सुरू होत असेल तर ‘-२’ च्या जागी ‘-५’.

महिन्यांचा सापळा

इथे जरा थांबायला हवं, कारण मी स्वतः इथेच तोंडघशी पडलो होतो. हप्ते दर महिनाअखेरीचे होते. ए२ मध्ये ३१ जानेवारी आणि ए३ मध्ये =ईडेट(ए२,१) लिहून मी बेफिकीरपणे खाली ओढलं. ईडेट हे फंक्शन दिलेल्या तारखेपासून ठरावीक महिने पुढची किंवा मागची तारीख देतं. फेब्रुवारीत ३१ तारीख नाही म्हणून त्याने २८ दिली, ती बरोबरच. पण पुढच्या सेलने २८ फेब्रुवारीपासून मोजलं आणि २८ मार्च दिली. मग २८ एप्रिल, २८ मे. वर्षभराचे हप्ते दोन-तीन दिवस आधी सरकले आणि ते माझ्या लक्षात आलं तोवर कागद सह्या होऊन आले होते.

चूक ईडेटची नाही, साखळीची आहे. महिन्यांत मोजायचं असेल तर प्रत्येक तारीख शेजारणीला विचारून ठरवू नका, पहिल्या तारखेपासून मोजा:

=ईडेट($ए$२,रोज($ए$२:ए२))

हे ए३ मध्ये लिहून खाली ओढायचं. इथलं ‘रोज’ म्हणजे आपलं दररोज नव्हे, ते दिलेल्या पट्ट्यात किती ओळी आहेत ते मोजणारं फंक्शन आहे. ए३ मध्ये ते १ देतं, ए४ मध्ये २, ए५ मध्ये ३. त्यामुळे तारखा येतात २८ फेब्रुवारी, ३१ मार्च, ३० एप्रिल, ३१ मे. रो()-२ लिहूनही हेच साधतं, पण वर कुणी शीर्षकासाठी एखादी ओळ घुसवली की ते बिघडतं. पट्टा मोजणारं सूत्र अशा वेळी सांभाळून घेतं.

महिन्याचा शेवटचाच दिवस हवा असेल तर ईओमंथ आणखी बिनधास्त. ते कुठल्याही तारखेवरून त्या महिन्याची अखेर काढतं, म्हणून तिथे साखळी चालते: =ईओमंथ(ए२,१) खाली ओढलं की प्रत्येक महिन्याची अखेर मिळते, मग ती २८ असो, २९, ३० की ३१. आणि महिन्याची पहिली तारीख हवी असेल तर अखेरीत एक दिवस मिळवा: =ईओमंथ(ए२,०)+१ म्हणजे पुढच्या महिन्याची १.

३० एप्रिलपासून सुरू होणाऱ्या यादीत ईडेट तुम्हाला ३० मे देईल, ३१ नव्हे. तुमच्या करारात ‘दर महिन्याची ३० तारीख’ आहे की ‘महिनाअखेर’ हे आधी वाचा, मग फंक्शन निवडा. वर्षांचंही असंच. २९ फेब्रुवारी २०२४ पासून दर वर्षी साखळीने १२ महिने पुढे गेलात तर २०२८ मध्येही २८ फेब्रुवारीच मिळेल. पहिल्या तारखेपासून ४८ महिने मोजले तर २९ मिळते.

‘दर महिन्याचा पहिला सोमवार’ असली बैठकही सूत्रात बसते. ए२ मध्ये महिन्याची १ तारीख असेल तर शेजारी:

=ए२+७-वीकडे(ए२+५)

वीकडे हे वाराचा क्रमांक देतं, रविवारला १ धरून. जानेवारी २०२६ साठी हे सूत्र ५ तारीख देतं. दुसरा सोमवार हवा असेल तर त्यात आणखी ७ मिळवा.

सुट्ट्या वगळून तारखा

कामाच्या दिवसांसाठी वर्कडे हे फंक्शन आहे. सुट्ट्यांच्या तारखा ई२ ते ई२० मध्ये लिहून ठेवा आणि ए३ मध्ये द्या:

=वर्कडे(ए२,१,$ई$२:$ई$२०)

शनिवार, रविवार आणि तुमच्या यादीतल्या सुट्ट्या गाळून पुढचा कामाचा दिवस येतो. यातली मेख म्हणजे ए२ ची तारीख तुम्ही स्वतः लिहिलेली असते, ती सुट्टीची आहे की नाही हे कुणी तपासत नाही. डी१ मध्ये सुरुवातीची तारीख ठेवून ए२ मध्ये =वर्कडे(डी१-१,१,$ई$२:$ई$२०) लिहिलंत की डी१ कामाचा दिवस असेल तर तोच येतो, नसेल तर त्यानंतरचा पहिला.

आठवड्याची सुट्टी वेगळी असेल तर वर्कडे टिंब इंटल, म्हणजे त्याच नावापुढे टिंब देऊन आय-एन-टी-एल ही चार अक्षरं. त्यात तिसऱ्या जागी सुट्टीचा प्रकार सांगतात: ११ म्हणजे फक्त रविवार, ७ म्हणजे शुक्रवार-शनिवार. पण खरी मजा सात आकड्यांच्या मजकुरात आहे. सोमवारपासून रविवारपर्यंत प्रत्येक वारासाठी एक आकडा, ० म्हणजे काम आणि १ म्हणजे सुट्टी. सोमवार, बुधवार, शुक्रवार असा वर्ग घेणाऱ्याने लिहावं:

=वर्कडे.इंटल(ए२,१,"०१०१०११",$ई$२:$ई$२०)

ए२ मध्ये सोमवार ५ जानेवारी २०२६ असेल तर खाली ७, ९, १२ अशा तारखा येत जातात, आणि त्यातली सुट्टीची आपोआप गळते. अवतरण चिन्हं विसरू नका. सुट्ट्यांच्या यादीत एखादी तारीख मजकूर म्हणून पडली असेल तर एक्सेल उत्तराऐवजी चूक दाखवतं. सूत्रात काही सापडत नसेल तर ती यादी पाहा.

एका सेलमधून सगळी यादी

एक्सेल २०२१ आणि ३६५, गूगल शीट्स, तसंच कॅल्कची २४.८ पासूनची आवृत्ती यांत सीक्वेन्स हे फंक्शन आहे. ओढायचं नाही, क्लिक नाही:

=सीक्वेन्स(३६५,१,डी१,१)

ओळी ३६५, रकाना १, सुरुवात डी१, अंतर १. खालचे सेल रिकामे हवेत. एकात जरी काही असलं तर एक्सेल ‘स्पिल’ची चूक दाखवतं. दर महिन्यासाठी =ईडेट(डी१,सीक्वेन्स(१२,१,०)) लिहा. गूगल शीट्समध्ये हे दुसरं सूत्र अ‍ॅरेफॉर्म्युला या फंक्शनच्या कंसात घालावं लागतं. इथे प्रत्येक महिना डी१ पासूनच मोजला जात असल्याने ३१ तारखेचा घोळ होत नाही.

भरत नसेल तर

सेल निवडल्यावर कोपऱ्यातला चौकोनच दिसत नसेल तर एक्सेलच्या ‘ऑप्शन्स’मध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड’खाली फिल हँडलची, म्हणजे त्याच चौकोनाची, खूण निघालेली असते. सूत्र ओढल्यावर सगळीकडे एकच तारीख दिसत असेल तर ‘फॉर्म्युलाज’ टॅबमध्ये गणना ‘मॅन्युअल’वर आहे का पाहा. यादीला फिल्टर लावलेला असेल तर तारखा भरण्याआधी तो काढा. सेलमध्ये नुसती #### अशी चिन्हं दिसत असतील तर रकाना रुंद करा. तरी गेली नाहीत तर सूत्रातून ऋण आकडा येतो आहे.

सुरुवातीच्या सेलमध्ये टुडे() हे फंक्शन टाकायचा मोह टाळा. ते रोज बदलतं, म्हणजे सोमवारी भरलेली हजेरी मंगळवारी एक दिवस पुढे सरकलेल्या तारखांसमोर उभी राहते. आजची तारीख कायमची हवी असेल तर एक्सेलमध्ये कंट्रोल आणि अर्धविराम एकत्र दाबा.

वारांची नावं शेजारच्या रकान्यात हवी असतील तर बी२ मध्ये =ए२ लिहून त्या सेलच्या कस्टम फॉरमॅटमध्ये डी हे अक्षर चार वेळा टाइप करा. एक्सेलमध्ये तारखेच्या फॉरमॅटच्या खिडकीत भाषा मराठी निवडली तर महिन्यांची नावंही मराठीत दिसतात.

यादी दुसऱ्याकडे पाठवण्याआधी दोन गोष्टी करा. एखाद्या रिकाम्या सेलमध्ये =काउंट(ए२:ए३६६) लिहा. काउंट फक्त आकडे मोजतं, मजकूर मोजत नाही, म्हणून उत्तर ३६५ पेक्षा कमी आलं तर तितक्या तारखा खोट्या आहेत. मग तारखांचा रकाना कॉपी करून त्याच जागी ‘पेस्ट स्पेशल’मधून फक्त व्हॅल्यूज पेस्ट करा. सूत्रांची साखळी तशीच ठेवली आणि समोरच्याने नावांप्रमाणे सॉर्ट केलं, तर प्रत्येक तारीख नव्या शेजाऱ्याकडे पाहून स्वतःला पुन्हा मोजायला लागते. सूत्रांची मूळ प्रत वेगळ्या शीटमध्ये जपून ठेवा, पुढच्या वर्षी फक्त पहिली तारीख बदलायची.